लिंगमळ्याला टाकलेलं माहुलीला पोचतं

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या रविवारी आईला आणि पोरांना घेऊन महाबळेश्वरला लिंगमळ्याचा धबधबा बघून आलो. आई सत्तरीची, गुडघे दुखतात तरी चला म्हणाली, कारण चालणं फार नाही, तिकीट काढून आत गेलं की तांबड्या चिखलाची वाट, दोन्ही बाजूला जांभूळ, हिरडा, अंजनी, सगळी झाडं वाऱ्यापावसानं बुटकी राहिलेली आणि खोडावर शेवाळाचा जाड थर. मध्येच कस्तुर पक्ष्यानं शीळ घातली तर धाकट्याला वाटलं कोणीतरी मुलगाच शिट्टी मारतोय. (इंग्रजांनी मलेरियाच्या औषधासाठी इथं सिंकोना लावून बघितला होता म्हणे, तो काही टिकला नाही.)

पुढं वाट फुटते, एक छोट्या धबधब्याकडे आणि दुसरी मोठ्याच्या पॉइंटवर. मोठा आम्हाला दिसलाच नाही, रेलिंगला धरून वीस मिनिटं उभे होतो, समोर नुसतं पांढरं धुकं आणि खालून आवाज. आता यात कोणाचा दोष नाही, भर पावसाळ्यात तिथं असंच असतं, बघायचाच असेल तर पाऊस ओसरल्यावर सप्टेंबरच्या शेवटी नाहीतर ऑक्टोबरात जावं, उन्हाळ्यात गेलात तर बारीक धार.

छोट्या धबधब्यापाशी मात्र आई पाण्यात हात घालून बसली. तिचं माहेर माहुली. मला म्हणाली, "आरं, ही वेण्णाच न्हवं? ही आमच्या घाटावर येती की." खरंच आहे, हे पाणी इथनं खाली उतरतं, कण्हेर धरणात साठतं आणि तिथनं पुढं संगम माहुलीला कृष्णेला मिळतं. आणि ती हे बोलत असताना तिच्या हातापासून दोन फुटांवर दगडात एक निळा रेनकोट अडकून फडफडत होता.

पत्र लिहायचं कारण तो रेनकोट. बाटल्या आणि कुरकुऱ्यांच्या पुड्यांबद्दल आपण बोलतो तरी, पण हे जे पातळ पन्नीचे युज अँड थ्रो रेनकोट निघालेत त्यांच्याबद्दल कोणीच बोलत नाही. झुडपात जरा अडकला की टर्रकन फाटतो, मग माणूस तो तिथंच फांदीला टांगतो, ओला कचरा बॅगेत कोण घालणार. येताना पोरांना मोजायला लावलं, एवढ्याशा वाटेवर तेवीस भरले. चार उचलले, बाकीचे उतारावर खाली होते तिथं हात पोचत नव्हता. राज्यात २०१८ ला प्लास्टिकबंदी आली, महाबळेश्वर-पाचगणी २००१ पासून इको सेन्सिटिव्ह झोन, इथल्या माणसाला घराला एक खोली वाढवायची तरी नियम आडवे येतात, आणि आपण सातारा-पुण्याहून जाऊन पन्नी टांगून येणार, हे काही बरं दिसत नाही.

जे कोणी तिकीट देतात त्यांना एकच विनंती. आत जाताना अंगावर पन्नीचा रेनकोट असेल किंवा हातात बाटली असेल तर नगाप्रमाणे वीस-तीस रुपये डिपॉझिट घ्या, स्टिकर लावा, बाहेर येताना वस्तू दाखवली की पैसे परत. तमिळनाडूतल्या नीलगिरी जिल्ह्यात दारूच्या बाटल्यांवर १० रुपये जादा घेऊन रिकामी बाटली आणली की परत देतात, मग बाटल्या जंगलात कोण कशाला फेकेल. येण्याजाण्याची वाट एकच असल्यामुळे लिंगमळ्याला तर हे अजून सोपं आहे, रायगडासारखा पसारा नाही. आणि गेटवर कापडी किंवा जाड रेनकोट भाड्यानं मिळाले तर तिथल्याच चार लोकांना धंदा होईल.

सोबत फोटो पाठवतोय तो त्या निळ्या रेनकोटचा आहे, मोठ्या धबधब्याचा काढायला गेलो तर नुसतं पांढरं आलं.

तुमचा एक वाचक,
सातारा