कोनमापक हाती देणाऱ्या डॉक्टर मॅडमना

डॉक्टर मॅडम,
स.न.वि.वि.

आमच्या लॅब्रॅडॉर कुत्र्याच्या, भोलूच्या, मागच्या पायाचं, गुडघ्याचं, ऑपरेशन दुसऱ्या डॉक्टरांनी केलं. पण नंतर तो गुडघा किती वळतो, किती सरळ होतो, हे घरी कसं बघायचं ते तुम्ही शिकवलंत. त्याचे आभार चारचौघांत मानतोय, म्हणजे मोठं कुत्रं पाळणाऱ्या आणखी कुणाला उपयोग झाला तर होईल.

"आता बराच मोकळा वाटतोय," असं आम्ही म्हणायचो आणि तुम्ही विचारायचात, "मोकळा म्हणजे किती अंश?" सुरुवातीला वैताग यायचा, खरं सांगतो. मग तुम्ही प्लास्टिकचा साधा गोनिओमीटर, म्हणजे सांध्याचा कोन मोजायचा दोन भुजांचा कोनमापक, काढलात, भोलूला दुखरा पाय वर राहील असं कुशीवर निजवलंत आणि माझं बोट धरून त्याच्या केसांत खुपसलंत. मांडीच्या हाडाचा खुब्याजवळचा उंचवटा, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूचा, मग घोट्याचा. मधल्यावर कोनमापकाचं केंद्र, एक भुजा वर, दुसरी खाली. अंगानं भरलेल्या लॅब्रॅडॉरमध्ये वरचा उंचवटा नुसतं चाचपून लवकर सापडत नाही. तुम्ही पाय किंचित हलवलात आणि बोटाखाली तो सरकला! ही युक्ती मी आता भेटेल त्याला सांगतो.

निरोगी लॅब्रॅडॉरचा गुडघा मिटताना साधारण 42 अंशांपर्यंत येतो आणि सरळ होताना 162 पर्यंत जातो, हे आकडे तुम्ही वहीच्या पहिल्या पानावर लिहून दिलेत. 2002 च्या ज्या अभ्यासातले ते आहेत, त्यात जागे असताना आणि गुंगीत असताना घेतलेल्या मापांत विशेष फरक आढळला नव्हता, हेही सांगितलंत. मोजण्यासाठी भोलूला गुंगीचं इंजेक्शन द्यावं लागणार की काय, ही आमच्या हिची धास्ती तिथेच संपली. शेजारच्या जर्मन शेफर्डला मात्र हे आकडे लावू नका, अशी तंबीही दिलीत. प्रत्येक जातीची ठेवण वेगळी, आणि खरी तुलना त्याच कुत्र्याच्या दुसऱ्या पायाशी.

सगळ्यात मोलाचं म्हणजे कुठे थांबायचं ते दाखवलंत. त्यानं ओठ चाटले, मान वळवून आपल्या हाताकडे पाहिलं किंवा स्नायू ताठ केला, की तोच आकडा लिहायचा. पुढे रेटायचं नाही. ओढून मिळवलेले चार अंश काय कामाचे?

आता ही पाय तोलून धरते, मी मोजतो. तीनदा मोजून सरासरी. दोन-तीन अंश इकडेतिकडे झाले तर नाचायचं नाही आणि रडायचंही नाही, हे तुमचं वाक्य घरात म्हणीसारखं झालंय.

एक शंका उरलीय. मागचा घोटा मोजताना पोटरी ताणली जाऊ नये म्हणून गुडघा वाकवून ठेवायला सांगितलंत, तसाच ठेवतो. तरी दर वेळी आकडा वेगळाच येतो. पुढच्या खेपेला वही आणतो, तेवढं एकदा तुमच्या हातानं मोजून दाखवा.

आपला,
भोलूचा बाबा