डाव्या बाजूचं हसू

प्रिय सुमे,

तीन पत्रांना उत्तर नाही, म्हणून शिव्या घालत असशील. घाल. गुडघा आहे तसाच, गोळ्या चालू आहेत. पुढचं फक्त तुलाच कळेल म्हणून लिहितेय.

परवा चिंगीने स्वतःची कविता वाचून दाखवली, इंग्रजीतली. मी बोलले काहीच नाही, नुसती हसले. कागदाची घडी घालत म्हणाली, "आई, यू स्नीअर्ड." म्हटलं, अगं हसले मी! तर म्हणे, "हसताना तोंडाच्या दोन्ही बाजू हलतात."

रात्री शब्दकोश काढून बसले. त्या भाषेत कुचेष्टेच्या काय तऱ्हा गं! स्कॉफ म्हणजे आपलं तोंडावर 'हुं' करणं. जीअरला आरडाओरडा हवा, घोळका असला तर उत्तम. मॉक करताना बहुतेक वेळा समोरच्याची नक्कल येते (नानांचा प्रांत!). सुपरसिलियस म्हणजे तोऱ्याने दुसऱ्याला कमी लेखणारं, त्याचं मूळ लॅटिन भुवईत आहे आणि सारकॅझमचं ग्रीक मूळ म्हणजे मांस ओरबाडणं. स्नीअरला मात्र ओठ एका बाजूने जरासा उचलला तरी पुरे. एकमन आणि फ्रीसन या मानसशास्त्रज्ञांनी १९८६ साली दाखवलं होतं, की तो ओठाचा एकच कोपरा ताणून वर गेला की वेगवेगळ्या देशांतले लोक त्याला तुच्छताच म्हणतात. म्हणजे मला पकडायला इंग्रजी यायचीही गरज नाही.

आपल्याकडे 'कुत्सित हसली' म्हणतात, पण ते गोष्टीतल्या खलनायिकेला. मी फार तर नाक मुरडते, असं आजवर वाटायचं.

मग आरशापुढे करून पाहिलं. डावी बाजू. तुझ्या पहिल्या भाषणाच्या फोटोत मागे बसलेय ना मी, तीच! "तू मला हसलीस" म्हणाली होतीस आणि मी वर्षभर भांडले. (भाषण लांबलं होतं, यावर अजूनही ठाम आहे.)

टिंगल करायला निदान माणसाकडे बघावं लागतं. कंटेम्प्टला, म्हणजे त्या तुच्छतेला, तेही नको. तुझ्या पत्रांना उत्तर न देणं हे मात्र त्यातलं नव्हे हं, तो शुद्ध आळस.

कविता वाईट नव्हती गं. दुसऱ्या कडव्यात ती अडखळली, तिथे माझा ओठ हलला. काल म्हटलं, पुन्हा वाच ना. "राहू दे," म्हणाली.

बदलीचं काय झालं? भाऊंचा डोळा? आणि तो फोटो असेल तर पाठव.

तुझी,
नकटी