वावर मक्त्याने दिलं, बाबा

ती. आई-बाबांना,
सलाम.

बाबा, रागावू नका. वावर यंदा मक्त्याने दिलं. काकांशी बोलणं पक्कं झालं, फक्त एका वर्षासाठी. तुम्हाला विचारलं नाही, कारण तुम्ही हो म्हटलंच नसतं. मागच्या भादव्यात पाठीवर पंप असताना तुम्ही धुऱ्यावर चक्कर येऊन बसलात. 2017 मध्ये आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली. तुम्ही फोन उचलायला उशीर केला तरी माझ्या पोटात गोळा येतो.

तुम्ही पवित्र शास्त्रातलं याकोब 5:7 पुढे कराल, मला माहीत आहे. पहिला नि शेवटला पाऊस मिळेपर्यंत शेतकरी धीर धरतो. दुबार पेरणीच्या साली तुम्ही मातीत बोट खुपसून ओल पाहिली, दोन पेरंही नव्हती. रात्री तेच बोट ओळीखाली फिरवत आम्हाला वाचून दाखवलं. त्या पानावर मातीचा डाग अजून आहे. मी तुमच्या मांडीवरच झोपले होते.

पाळक घडवणारी यवतमाळची सेमिनरी 1983 मध्ये पुण्याला गेली. त्याआधी तिथल्या पोरांकडून ऐकलेलं तुम्हीच सांगायचे: याकोबाच्या देशात पहिला पाऊस आपल्या दिवाळीच्या सुमारास, पेरणीला, शेवटला मार्च-एप्रिलात, दाणा भरताना. मधले महिने नुसती वाट पाहायची. बाबा, तुमची पेरणी झाली हो. आम्हाला शिकवलंत, पऱ्हाटी बुडाली त्या सालीही ओसरीवरची रविवारची उपासना चुकवली नाही. आता हे मधले महिने आहेत. ते काढायला पाठीवर पंप लागत नाही.

आई, कूलरमध्ये बादलीने पाणी टाकू नको, नळी पाठवते आहे. मोतीबिंदूचं पावसाळा संपला की रजा काढून करून घेऊ. तोवर मोबाइलमध्ये पवित्र शास्त्र वाचून दाखवणारं ॲप टाकलंय, दोघं मिळून ऐका. बाबांची साखरेची गोळी चुकू देऊ नको. भाकरीसोबत जवसाची चटणी पाहिजे तेवढी, चहात गूळ मात्र चिमूटभरही नाही. ते मागतील, तू विरघळशील. विरघळू नको.

आणि बाबा, विहिरीजवळच्या दहा ओळी मी मक्त्यातून वगळायला लावल्यात. त्या तुमच्याच. तिथे तूर टोबा, सकाळच्या उन्हात, काठी जवळ ठेवून. ओल दोन पेरं झाल्याशिवाय टोबू नका. झाली की फोन करा.

तुमची,
बेबी