भाकितांचे पुढे काय झाले, तेही छापावे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे कोणकोणत्या नोकऱ्या जाणार, याची भाकिते हल्ली वृत्तपत्रांत वरचेवर छापून येतात. मी रेडिओलॉजिस्ट, म्हणजे एक्स-रे, सोनोग्राफी अशा तपासण्यांच्या प्रतिमा पाहून अहवाल देणारा डॉक्टर असल्यामुळे, आमच्या व्यवसायाविषयीच्या अशाच एका भाकिताची आठवण करून द्यावीशी वाटते. कृत्रिम बुद्धिमत्तेतील आघाडीचे संशोधक, टोरांटो विद्यापीठाचे प्रा. जेफ्री हिंटन यांनी २०१६ मध्ये जाहीरपणे सांगितले होते की, रेडिओलॉजिस्ट घडवणे आता थांबवायला हवे, कारण पाच वर्षांत, फार तर दहा वर्षांत, संगणक हे काम माणसापेक्षा सरस करू लागेल. पाच वर्षे केव्हाच उलटली, आणि आज अमेरिका व ब्रिटनमध्येही रेडिओलॉजिस्टांचा तुटवडा आहे. आपण फारच सरसकट बोललो, आपल्या डोळ्यांसमोर केवळ प्रतिमांचे विश्लेषण होते, असे खुद्द हिंटन यांनी २०२५ मध्ये मान्य केले. मूळ विधानाला मिळाली तेवढी प्रसिद्धी या कबुलीला मात्र मिळाली नाही.

प्रतिमा पाहणे हा आमच्या कामाचा एक भाग झाला. छातीच्या एक्स-रेत फुप्फुसाच्या वरच्या टोकाला कधी कधी धूसर डाग दिसतो आणि क्षयाची शंका येते. प्रत्यक्षात ती खांद्यावरून पुढे आलेल्या वेणीची सावली असते. अशा वेळी वेणी वर बांधून पुन्हा फिल्म काढायला लावणे, जुना एक्स-रे मागवून ताडून पाहणे, रुग्णाला पूर्वी क्षयाचे औषध चालू होते का हे विचारणे आणि शेवटी स्वतःच्या सहीने अहवालाची जबाबदारी घेणे, हे सगळे त्याच कामात मोडते. सोनोग्राफीत तर प्रोब (अंगावरून फिरवायचे उपकरण) हातात धरणाऱ्याचे कौशल्य नसेल, तर पाहण्याजोगी प्रतिमाच मिळत नाही.

यंत्राचे श्रेय मला नाकारायचे नाही. क्षयाचे संशयित रुग्ण शोधण्याच्या चाळणीसाठी छातीचे एक्स-रे संगणकाकडून वाचून घेण्यास जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये मान्यता दिली आणि जिथे रेडिओलॉजिस्ट पोचतच नाही, अशा भागांत त्याचा खरोखर उपयोग होतो. पण संशयित सापडल्यावर थुंकी तपासणे, औषध सुरू करणे आणि ते मध्येच सुटू न देणे, ही कामे वाढतातच, आणि ती माणसांनाच करावी लागतात.

काही कामे यंत्राकडे जातील, यात शंका नाही. निव्वळ टंकलेखन आणि ठरावीक साच्यातील लेखनावर तो परिणाम दिसूही लागला आहे. परंतु एखाद्या व्यवसायातले एक काम यंत्राला जमले, एवढ्यावरून तो अख्खा व्यवसाय संपल्याचे जाहीर करणे बेजबाबदारपणाचे आहे. अशा बातम्या वाचून हुशार मुले एखाद्या शाखेकडे पाठ फिरवतात, तेव्हा त्याची किंमत पुढे जिल्हा रुग्णालयात अहवालासाठी ताटकळणारा रुग्ण मोजतो.

म्हणून आपणांस विनंती आहे की, असे भाकीत छापताना ते कोणी केले, त्यात त्यांचा काही आर्थिक हितसंबंध आहे का आणि त्यांच्या आधीच्या भाकितांचे काय झाले, हेही त्याच बातमीत द्यावे.

आपला,
एक रेडिओलॉजिस्ट, सातारा