टर्फवरचे षटकार आणि माझा बीपी

मा. संपादक,
आमच्या गल्लीमागच्या टर्फवर रात्री एकपर्यंत क्रिकेट चालतं. मी एसटी चालक. पहाटे साडेचारला डेपोत हजेरी. बीपीची गोळी चालू आहे, मीठ कमी केलंय, लोणचं-पापड सुटलेच. डॉक्टर आता विचारतात, "झोपता किती?" निरोगी माणसाचा रक्तदाब झोपेत साधारण 10 ते 20 टक्के उतरतो. रोजच्या जागरणात हृदयाला ती उसंत कुठली? अमेरिकन हार्ट असोसिएशननेही 2022 मध्ये हृदयाच्या आरोग्याच्या निकषांत झोप घातली. ध्वनिक्षेपकाला रात्री 10 नंतर बंदी आहे, पण इथला स्पीकर 'आऊट' ओरडतोच. (पोरं खेळतात झकास, तक्रार खेळाची नाही.) महापालिकेने दहाला दिवे बंद करायला लावावेत.

– एक एसटी चालक, सांगली