शिळावर्तुळांची नोंद सातबाऱ्यावर हवी

मा. संपादक महोदय,

नागपूरभोवतीच्या मुरमाड टेकड्यांच्या माथ्यांवर आणि उतारांवर दिसणारी शिळावर्तुळे ही सुमारे अडीच ते तीन हजार वर्षांपूर्वी येथे नांदलेल्या, लोखंड वापरणाऱ्या लोकांची दफनस्थळे आहेत. काळ्या दगडाचे मोठे धोंडे गोलाकार मांडलेले, आत मुरूम व दगडगोट्यांची भर घालून केलेला उंचवटा, आणि जुनापाणीच्या काही धोंड्यांवर मुद्दाम कोरलेले लहान गोल खळगे, असे त्यांचे रूप आहे. 1879 मध्ये रिवेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांचा वृत्तान्त छापला. पुढे माहुरझरीच्या उत्खननात घोड्याचे अवशेष आणि त्याच्या तोंडावरचे तांब्याचे अलंकार मिळाले, तर नायकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. विदर्भाचा इतका जुना लेखाजोखा दुसरीकडे क्वचितच मिळेल.

पिकाऊ काळी जमीन सोडून हे लोक आपले मृत बहुधा नापीक माळावर पुरत, म्हणूनच नांगरापासून ही वर्तुळे बचावली. मात्र महसुली कागदावर तीच जमीन निव्वळ 'पडीक' ठरते आणि मुरमाच्या खाणी व नवे लेआउट नेमके तिथेच येतात. जेसीबीला एक वर्तुळ सपाट करायला दुपारसुद्धा लागत नाही, आणि धोंडे कुंपणाच्या पायात गेले की उरलेल्या खड्ड्यावरून तज्ज्ञालाही काही सांगता येत नाही.

जुनापाणीसारखी काही स्थळे केंद्राच्या संरक्षणाखाली आहेत व प्राचीन स्मारकविषयक केंद्रीय कायद्याच्या 2010 च्या दुरुस्तीनुसार अशा स्थळाच्या हद्दीपासून 100 मीटरपर्यंत बांधकामास मनाई, तर त्यापुढील 200 मीटरमध्ये परवानगीचे बंधन आहे. पण यादीबाहेरच्या वर्तुळांना हे कवच नाही, आणि मुरमाचा परवाना देणाऱ्या कार्यालयाला त्या गटात दफनस्थळ आहे हे कळण्याची सोयही नाही. नुसता 'संरक्षित स्मारक' असा निळा फलक लावून वर्तुळांचे रक्षण कसे साधणार?

तेव्हा पुरातत्त्व व महसूल खात्यांनी मिळून प्रत्येक वर्तुळाची गटनिहाय मोजणी करावी, सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात तशी नोंद घ्यावी आणि त्या गटातील गौण खनिजाचा वा अकृषिक परवाना पुरातत्त्व खात्याच्या नाहरकतीवाचून देऊ नये. मोजणी पूर्ण होईपर्यंत अशा माळांवरील नवे मुरूम परवाने थांबवावेत, ही विनंती.

– एक वाचक, नागपूर