बॅटरी भरलेली, तरी इंजिन का सुरू होतं?

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र वाचलं. नव्या प्लग-इन हायब्रिडचं, म्हणजे प्लगवर चार्ज होणाऱ्या आणि पेट्रोल इंजिनही असणाऱ्या गाडीचं, कौतुक दोन ओळींत उरकलंस आणि पुढची दीड पानं एकाच तक्रारीवर खर्च केलीस: बॅटरी भरलेली दिसत असतानाही इंजिन मध्येच का सुरू होतं? वर्कशॉपला फोन करण्याआधी हे वाच. बहुतेक वेळा बिघाड काहीच नसतो.

सगळ्यात आधी तुझा पाय बघ. बऱ्याच गाड्यांत अ‍ॅक्सिलरेटर तळाला जायच्या थोडं आधी पायाला एक अडथळा जाणवतो. तो ओलांडलास की तुला पूर्ण ताकद हवी आहे असं समजून इंजिन मदतीला येतं. मग हीटर. गाडीत हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणणारं यंत्र) किंवा विजेचा हीटर नसेल, तर आतली हवा गरम करायला इंजिनातलं गरम कूलंटच लागतं, आणि समोरच्या काचेवरचं धुकं घालवायचं बटण दाबलं तरी काही गाड्यांत इंजिन सुरू होतं. थंडीत सीट गरम करणं त्यापेक्षा किती तरी स्वस्त पडतं: सीटला शंभरेक वॉट पुरतात, केबिनचा हीटर काही किलोवॉट खातो. बॅटरी फार गार किंवा फार तापलेली असेल तर तिचा कंट्रोलरच जास्त करंट काढू देत नाही. आणि शेवटी उतार. बॅटरी काठोकाठ भरलेली असताना लांब उतार लागला, तर रीजनची, म्हणजे वेग कमी करताना मोटरने बनवलेली, वीज ठेवायला जागाच उरत नाही. मग गाडी इंजिन फिरवून वेग आवरते आणि नुसता घूंऽऽ आवाज येतो. तुझा रोजचा रस्ता उतारानेच सुरू होत असेल, तर चार्जिंग थोडं आधी थांबव.

तक्रार खरं तर उलटी हवी होती. इंजिन सुरू होण्यापेक्षा ते दोन मिनिटांत बंद होणं जास्त वाईट. गार इंजिनात न जळलेलं थोडं पेट्रोल आणि वाफेचं पाणी ऑइलमध्ये उतरतं; इंजिन नीट तापलं तरच ते उडून जातं. रोज असे दोन-दोन मिनिटांचे झटके बसत राहिले तर ऑइल पातळ होतं आणि फिलरच्या झाकणाखाली दुधाळ लगदा दिसू लागतो. म्हणून अधूनमधून हायब्रिड मोडमध्ये (इंजिन आणि मोटर दोन्ही वापरून) सलग वीस-पंचवीस मिनिटं गाडी पळव, आणि ऑइल किलोमीटर मोजून नव्हे, मॅन्युअलमधले महिने मोजून बदल. मीटरवर किलोमीटर भरपूर दिसतात, पण इंजिन त्यातलं थोडंच चाललेलं असतं.

पेट्रोलही शिळं होतं. शेव्हरोले व्होल्टमध्ये यासाठी सोयच ठेवली होती: इंजिन सहा आठवडे चाललं नाही तर गाडी ते थोडा वेळ चालवायला सुचवायची, आणि टाकीतलं पेट्रोल सरासरी वर्षाहून जुनं झालं की ते जाळून टाकायची. तुझं रोजचं जाणं-येणं विजेवर भागत असेल तर टाकी अर्ध्यावर ठेव, उगाच फुल करू नकोस. पंपावर झाकण लगेच उघडत नाही म्हणून ओढाओढही नको. अशा बऱ्याच गाड्यांत टाकी हवाबंद आणि दाबाखाली असते. आतलं बटण दाबल्यावर दाब उतरायला काही सेकंद लागतात.

आता चार्जिंग. इथे हयगय चालणार नाही. 230 व्होल्टवर 10 अँपिअर म्हणजे 2.3 किलोवॉट. बॅटरीत 13 युनिटं (किलोवॉट-तास) भरायची असतील तर 10 ते 15 टक्के घट धरून प्लगमधून साधारण 15 युनिटं जातात, म्हणजे साडेसहा तास. मिक्सर किंवा इस्त्री काही मिनिटं चालते; हा भार रात्रभर असतो, आणि घरातला जुना सॉकेट त्यासाठी बनवलेला नसतो. आतली पितळी पकड सैल झाली असेल तर तिथे उष्णता साठते, प्लास्टिक आधी पिवळं पडतं, मग वितळतं. चार्जिंग सुरू करून तासाभराने प्लगला हात लावून बघ. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल तर तिथल्या तिथे बंद कर. एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नको, गुंडाळलेली वायर तर नाहीच नाही.

इलेक्ट्रिशियनला सांगायचं ते असं: मीटरपासून स्वतंत्र लाइन, 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, 20 अँपिअरचा एमसीबी (जास्त भार आला की लाइन तोडणारा स्विच), 30 मिलिअँपिअरची ए टाइपची आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारी), आणि चांगल्या प्रतीचा 16 अँपिअरचा औद्योगिक सॉकेट. अर्थिंग मोजूनच घे. चार्जिंगच्या केबलवरच्या डब्यात लाल दिवा लागून चार्जिंग सुरूच होत नाही, तेव्हा दोष गाडीपेक्षा अर्थिंगचा असण्याची शक्यता जास्त. जनरेटरवरही हाच दिवा लागू शकतो, कारण तिथे न्यूट्रल अनेकदा अर्थला जोडलेला नसतो.

बाहेर 22 किलोवॉटचा चार्जर दिसला म्हणून हुरळून जाऊ नकोस. तो आकडा तीन फेजचा आहे. तुझ्या गाडीतला चार्जर एकाच फेजवर 16 अँपिअर घेत असेल, तर तिथेही मिळणार 3.7 किलोवॉटच.

लांबच्या प्रवासात बॅटरी आधी संपवून टाकायची सवय सोड. हायवेवर हायब्रिड मोड लाव, चार्ज राखून ठेव आणि मुक्कामाच्या गावातल्या गर्दीत विजेवर चालव. वेग वाढला की हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे तिथे विजेची रेंज भराभर घटते. गर्दीत नेमकी उलट स्थिती, तिथे पेट्रोल इंजिनाचे हाल असतात. इंजिनाने बॅटरी भरण्याचा मोड मात्र कोहळा देऊन आवळा घेण्यासारखा. पेट्रोलची वीज, विजेचा साठा, साठ्याची पुन्हा गती, आणि प्रत्येक पायरीवर गळती.

बाहेरची महाग वीज घ्यावी का, याचा हिशेब सोपा आहे. 100 किलोमीटरला प्लगमधून 19 युनिटं जातात आणि हायब्रिड मोडमध्ये 5.5 लिटर पेट्रोल लागतं असं धर. मग एका युनिटचा दर लिटरभर पेट्रोलच्या साधारण 29 टक्क्यांवर गेला की पेट्रोलच स्वस्त. आकडे तुझ्या गाडीचे टाकून पुन्हा भागाकार कर.

माहितीपत्रकातलं मायलेज मात्र विसर. युरोपीय आयोगाने 2021 मध्ये नोंदलेल्या गाड्यांची त्यांच्याच आतल्या मीटरवरची आकडेवारी 2024 मध्ये मांडली, तेव्हा प्लग-इन हायब्रिडचं प्रत्यक्ष कार्बन उत्सर्जन प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या सरासरी साडेतीनपट निघालं. मुख्य कारण, गाडी चाचणीत गृहीत धरली तितकी प्लगला लागतच नाही. गाडी उभी राहते तिथे सॉकेट नसेल, तर ही गाडी म्हणजे जड बॅटरी वाहणारी पेट्रोल गाडी. ही गोष्ट विक्रेते सहसा आपण होऊन सांगत नाहीत.

ब्रेककडे लक्ष ठेव. वेग कमी करण्याचं बरंचसं काम मोटर करते, म्हणून पॅड टिकतात, पण डिस्क गंजते आणि कॅलिपरच्या (पॅड दाबणाऱ्या पकडीच्या) पिना अडकतात. रिकाम्या, सपाट रस्त्यावर क्षणभर न्यूट्रल टाकून ब्रेक दाब. न्यूट्रलमध्ये रीजन बंद असतं, त्यामुळे पॅड डिस्कवर घासून गंज उतरतो. 12 व्होल्टच्या छोट्या बॅटरीलाही विसरू नकोस. ती उतरली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी उठत नाही, कारण मोठीचा कॉन्टॅक्टर (तिला गाडीशी जोडणारा स्विच) ओढायला हीच लागते. महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर हिची निगेटिव्ह तार सोडवून ठेव किंवा छोटा मेंटेनर (बॅटरी भरलेली ठेवणारा चार्जर) लाव. आणि मागच्या सीटखाली जाळी असेल तर तिथे पिशव्या टेकवू नकोस. काही गाड्यांत बॅटरीला थंड करणारी हवा तिथूनच जाते.

उत्तर लिहिशील तेव्हा दोन आकडे वेगवेगळे कळव: विजेवर झालेले किलोमीटर आणि प्लगमधून गेलेली युनिटं. गाडीच्या पडद्यावरचा आकडा नको, तो बॅटरीतून निघालेल्या विजेचा असतो. सॉकेटजवळ सबमीटर लावून तो वाच. मग तुझी घट किती ते काढू.

तुझाच,
मित्र